हवेच्या गादीच्या पत्त्याबाबत

विषय : फोनने न विचारता भरलेले नाव व पत्ता काढून टाकणेबाबत.
संदर्भ : माझा पहिला अर्ज, ज्याला उत्तर आले ते कुणाच्या तरी मिक्सरबद्दल होते, आणि दुसरा, ज्याला उत्तरच आले नाही.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून… नाही, तुम्हाला काय महोदय म्हणायचं, तुम्ही समोर बसलाय, पाणी प्यायलाय, सरळच सांगतो. माणसानं अर्ज लिहायला बसावं, आणि कुणीतरी त्याच्या हातातलं पेन काढून घेऊन स्वतःच सगळे रकाने भरावेत, तेही चुकीचे, आणि वर त्यालाच विचारावं, 'माहिती बरोबर आहे ना? पुढे जायचं?' याला काय म्हणायचं? मी पाटबंधारे खात्यात सांगलीला उभा जन्म कारकुनी केली, पाणी मिळत नाही म्हणून अर्ज, पाणी जास्त झालं म्हणून अर्ज, शेजाऱ्यानं पाट फोडला म्हणून अर्ज, सगळे वाचले. लोक तारीख चुकवायचे, गट नंबर चुकवायचे, एकानं तर स्वतःच्या बापाचं नाव चुकवलं होतं. पण चुका तरी स्वतःच्या हातानं करायचे हो. आता तीही सोय राहिली नाही.

फोन मुळात माझा नव्हेच. आमच्या धैर्यशीलनं आईला दिलेला. धैर्यशील म्हणजे आमचा मुलगा, फौजेत असतो. आम्ही सांगलीला भाड्यानं राहत होतो तेव्हाची गोष्ट, रजेवर आला, आईशेजारी बसला, आईच्या नावानं त्या घरपोच सामान पाठवणाऱ्या कंपनीत खातं उघडलं, नाव घातलं सौ. रंगूबाई नानासाहेब शिंगटे, पत्ता घातला सांगलीचा, आणि पहिली वस्तू मागवली ती कुकरची शिट्टी. तिसऱ्या दिवशी शिट्टी दारात. आमची रंगू त्या खोक्यातली शिट्टी हातात घेऊन बघतच राहिली. म्हणाली, "एवढ्याशा शिट्टीसाठनं माणूस मोटारसायकलीवर आला व्हय? आन् तुमी त्येला च्या बी न्हाई इचारला." मी धैर्यशीलला विचारलं, बाबा रे, दर वेळी हा एवढा पत्ता लिहीत बसायचं का? तर तो हसला. म्हणाला, "आबा, तुम्ही काहीच लिहायचं नाही. पहिल्या रकान्यावर नुसतं बोट ठेवायचं. बाकीचं तो भरतो. त्याला सगळं माहीत आहे."

त्याला सगळं माहीत आहे! हे वाक्य आजवर मी फक्त देवाबद्दल ऐकलं होतं. आणि तेव्हाही, तुम्हाला खरं सांगतो, ते ऐकून मला कधी धीर वाटला नव्हता.

माझ्याकडं पूर्वी एक डिजिटल डायरी होती. आमचे एक साहेब बदलून जाताना मला देऊन गेले, सिगारेटच्या पाकिटाएवढी, बटणं मसुरीच्या दाण्याएवढी, ती टाचणीनं दाबायची. सगळ्या उपअभियंत्यांचे नंबर मी तिच्यात घातले होते. आणि तिचा सेल संपला की ती सगळं विसरायची, कोरी व्हायची, नवा सेल घातला की पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यायची. तेव्हा मी तिला शिव्यांची लाखोली वाहिली. आज तिची आठवण येते. यंत्राला विसरता आलं पाहिजे हो. न विसरणारं यंत्र आणि न विसरणारा भाऊबंद, दोन्ही घरात नकोत.

असो. मी निवृत्त झालो, आम्ही सांगली सोडली आणि गावी आलो, रहिमतपूरला. रेशनकार्ड बदललं, बँक बदलली, गॅसवाला बदलला, पत्ता बदलल्याचं रीतसर सगळ्यांना लेखी कळवलं. फोनला कळवायचं राहिलं. पण मी म्हणतो, फोन तर माझ्या खिशात होता. ज्या ट्रकातनं आमचं कपाट आलं त्याच ट्रकातनं तो आला, कराडला आम्ही भजी खाल्ली तेव्हा टेबलावर होता. त्याला दिसलं नाही? सगळं माहीत आहे ना?

मग रंगू पडली. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हाड बघितलं, मग हृदय बघितलं, आणि म्हणाले, भूल सोसायची नाही, पडून राहू द्या, जुळलं तर जुळलं. पडून राहू द्या! जी बाई लग्न झाल्यापासून मी पाठ टेकलेली दिवसाउजेडी बघितली नव्हती, ती पडून राहिली. पडल्या पडल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हुकूम सोडायची. "त्यो न्हवं, त्येच्या मागचा. आवं, झाकान लाल हाय त्यो. तुमाला हापिसात फायली तरी गावत हुत्या का?"

पण पाठ काही हुकूम ऐकत नाही. आधी कंबरेखाली लाल झालं, मग निळसर, मग कातडं सुटलं. ड्रेसिंगला सिस्टरबाई यायच्या, त्यांनी मला बाहेर बोलावलं, ओसरीवर, आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, हवेची गादी आणा. पंपाची. थोड्या वेळानं एक कप्पा फुगतो, मग दुसरा, एका जागी भार येत नाही. जखम हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही. लवकर आणा."

लवकर आणा. मी त्याच दिवशी एसटीनं साताऱ्याला. तुम्हाला वाटेल, साताऱ्यासारखं गाव, गादी मिळेलच. दुकानदार मला म्हणतो, "काका, आता कोण ठेवतंय? लोक येतात, गादी दाबून बघतात, फोटो काढतात, घरी जाऊन फोनवर मागवतात. तुम्हीही फोनवरच मागवा." त्याच्या शेजारच्याकडं गेलो, त्याच्याकडं खुर्ची होती, चाकाची, ती घ्या म्हणाला. धैर्यशील आसामात कुठंतरी अशा जागी, की फोन लागायचा तो वाऱ्याच्या मर्जीनं, तोही निम्मा. आणि शेजारी केरबा, बिचारा रात्र म्हणत नाही दिवस म्हणत नाही, हाक मारली की येणारा, पण त्याचा फोन बटणांचा. म्हणजे उरलो कोण? मी आणि तो. ज्याला सगळं माहीत आहे तो.

मी चष्मा पुसला, रंगूच्या उशाशी बसलो, गादी शोधली, गादी सापडली, फॉर्म उघडला, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं… आणि फर्र्कन सगळे रकाने भरले. मी काही वाचायच्या आत खाली हिरवं बटण, ते दाबलं. 'धन्यवाद, रंगूबाई. आपली वस्तू परवा पोहोचेल.' मी रंगूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला नावानं हाक मारतुय मेला."

परवा गादी पोहोचली. सांगलीला.

आम्ही सोडलेल्या घरात आता जो राहतो त्याचं नाव गुंडा. नावच गुंडा, माणूस अतिशय सज्जन. त्याचा संध्याकाळी फोन. "आवं नानासो, एक खोकं आल्तं तुमच्या मंडळीच्या नावानं. मी हुतो कामावर. आमच्या बायकूनं सांगितलं, हितं कुनी रंगूबाई न्हाई ऱ्हात, आन् परत लावलं. काय हुतं वो त्यात?"

"गादी होती."

"आरं तिच्या… मग ठिवून घ्याची की. मी एसटीत टाकून दिली असती."

"तुमच्या बायकोनं बरोबर केलं," मी म्हणालो. "आपल्या नावचं नाही ते घेऊ नये."

आता मला सांगा, दुसरं काय म्हणणार? ती बाई खरं बोलली, म्हणून गादी परत गेली.

मग मी कारकून जागा केला. म्हटलं, हा भरत असला तर भरू दे, आपण खोडू आणि आपल्या हातानं लिहू. सांगलीचा पत्ता एकेक अक्षर खोडला आणि लिहिलं, मु. पो. रहिमतपूर. तर तो म्हणतो, फ्लॅट नंबर लिहा. मी लिहिलं, नाही. 'नाही' चालत नाही म्हणतो. मी लिहिलं, शून्य. शून्य चाललं. मग इमारतीचं नाव. मी लिहिलं, घर. मग पुढं मी लिहायला घेतलं, ता. कोरेगाव, जि. सातारा. आमचं सबंध आयुष्य पत्ता असाच लिहिण्यात गेलं, तालुक्याशिवाय पत्ता म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. मी 'कोरेगाव' एवढं लिहिलं मात्र, त्यानं लगेच ओळखलं. जावई दारात आल्यासारखा आनंद झाला त्याला. पिनकोड भरला, शहर भरलं, राज्य भरलं, सगळं मागचंपुढचं खोडून नीटनेटकं करून मला दाखवलं, कोरेगाव पार्क, पुणे.

हे मला कधी कळलं? दाबल्यावर.

आता कोरेगाव म्हटलं की आम्हाला काय दिसतं? वाघ्या घेवड्याची शेतं आणि तहसील कचेरी. त्याला काय दिसतं? त्यानं ज्यांचे ज्यांचे पत्ते बघितले असतील त्यांतले सगळे पार्कातलेच असणार, तालुक्यातला कोण कशाला त्याच्या वाटेला जातोय. चूक म्हटलं तर चूक, पण अगदी श्रीमंत चूक. गादी गेली पुण्याला. शून्य नंबरचा फ्लॅट, इमारत 'घर'. तिथल्या वॉचमनचा फोन. "काका, पार्सल आलंय, पण ही घर नावाची बिल्डिंग कुठं आली?"

मी म्हणालो, "अहो, ते इथं आहे, साताऱ्याकडं."

"मग इथं कसं आलं?"

"ज्यानं पाठवलं त्याला सगळं माहीत आहे," मी म्हणालो. त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "काका, बरं नाही का?"

इकडं सिस्टरबाई आता मला ओसरीवर बोलवायच्या बंद झाल्या होत्या. आतच, माझ्याकडं न बघता, कात्री चालवायच्या. केरबाच्या बायकोनं मोहरीच्या उश्या शिवून आणल्या, तान्ह्या पोराच्या डोक्याखाली देतात तशा, त्या कंबरेच्या दोन्ही बाजूंना लावल्या. केरबा रंगूच्या पायथ्याशी बसून फोनकडं बघायचा, एखाद्या मारक्या मेंढ्याकडं बघावं तसा. म्हणाला, "नानासो, ही जनावर तुमी बाळगलंयच कशाला? दूध न्हाई, लोकर न्हाई. आन् वाट बी चुकतंय."

आणि रंगू? तुम्हाला वाटेल, कण्हत असेल. कुशीवर वळवताना दात आवळायची, तेवढंच. एरवी तोंड चालू. म्हणाली, "आवं, सगळ्या जिल्ह्याला पानी सोडायचा तुमी. एक गादी सुटंना व्हय तुमच्यानं?" मी म्हणालो, अगं, पत्ता चुकतोय. तर आढ्याकडं बघत म्हणाली, "गादीचा चुकतुय. दुसरा यायचाय त्येचा न्हाई चुकायचा. त्येला पिनकोड लागत न्हाई." मी म्हणालो, असलं बोलू नये. "मग कसलं बोलू? फोनासंगं बोलू?"

आणि तेच झालं बघा. फोनासंगं बोलायची वेळ तिच्यावरच आली.

त्याचं असं झालं, मी कंपनीला फोन लावला. आधी एक बाई बोलली, ती माणूस नव्हती. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. मी सगळं दाबलं. शेवटी जिवंत मुलगी आली. "नमस्कार, मी शिवांजली बोलतेय, आपली काय मदत करू?" आवाज गोड, आमच्याकडचाच वाटला, पण नोकरीसाठी इस्त्री केलेला. मी सगळी हकीकत सांगितली, सांगली, गुंडा, पार्क, वॉचमन, पाठ. ती म्हणाली, "सर, तुमची अडचण मी समजू शकते. जुना पत्ता मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते." मला वाटलं, सुटलो. "फक्त खातं रंगूबाईंच्या नावावर आहे ना, तर त्यांच्याशी बोलणं करून द्या. एकच सुरक्षा प्रश्न आहे."

मी फोन रंगूच्या कानाशी धरला, आवाज मोठा केला. शिवांजली म्हणाली, "मॅडम, आपल्या पतीचं नाव सांगा."

बघा म्हणजे. धैर्यशीलनं रजेत बसून हा प्रश्न निवडला होता. आईला सोपा जावा म्हणून!

रंगूनं माझ्याकडं बघितलं. आमच्या रंगूनं माझं नाव उभ्या जन्मात घेतलेलं नाही. मतदान केंद्रावर विचारलं तर माझ्याकडं बोट करायची. दवाखान्यात विचारलं तर म्हणायची, "बाहीर बसल्यात, त्यास्नीच इचारा." मी म्हणालो, अगं, घे आता नाव, गादीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "केरबा भाऊजी हायत हितं." केरबा उठून बाहेर गेला. तरीही घेईना. शिवांजली तिकडनं, "मॅडम, ऐकू येतंय का? पतीचं नाव?" शेवटी रंगूनं डाव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला, पडल्या पडल्या, आणि म्हणाली,

"कृष्णाकाठची वांगी, माहुलीचा घाट, नानासोंचं नाव घेती, गादीची बघती वाट."

तुम्हाला सांगतो, लग्नात घेतला होता त्याहून चांगला उखाणा होता. बाहेर ओसरीवर केरबा 'व्वा' म्हणाला, मला ऐकू आलं. तिकडं शिवांजलीही हसली असावी, किंवा आणखी काही. मग तो इस्त्रीचा आवाज परत आला. "मॅडम, फक्त नाव सांगा, प्लीज."

"घेतलं की आता. नानासो."

"सॉरी मॅडम. नाव जुळत नाहीये."

मी फोन ओढून घेतला. म्हटलं, बाई, नानासो म्हणजेच नानासाहेब. आमच्याकडं साहेबाचं सो करतात, बाळासो, आप्पासो, दादासो, सगळ्या सातारा-सांगली-कोल्हापुरात करतात, लग्नपत्रिकेवर बघा, मैलावरनं वाचता येईल. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मला माहीत आहे. मी इस्लामपूरची आहे. माझ्या आजोबांचं नाव बापूसो. पण माझ्यासमोर जो रकाना आहे त्याला माहीत नाही. त्यात नानासाहेब आहे." मी रंगूला म्हणालो, नानासाहेब म्हण. ती म्हणाली, "मी कवा साहेब म्हनली तुमास्नी? साहेब दुसरं हुतं, तुमी कारकून हुता." म्हटलं, बये, नुसतं म्हण. तिनं म्हटलं, पण इतक्या हळू, लाजून, की तिकडं कळलंच नाही. एवढ्यात शिवांजली म्हणाली, "सर, तीन प्रयत्न झाले. खातं आपोआप बंद झालंय. सुरक्षेसाठी. मी नाही केलं, सर, तो करतो." मग जरा थांबून, "अर्ज करा. मी माझ्याकडूनही लिहिते. आजींना सांगा, नाव छान घेतलं."

या नंबरावर दुसरं खातं उघडता येत नाही. पहिलं बंद. म्हणजे सगळं माहीत असलेल्यानं आमची ओळख पटत नाही म्हणून दार लावून घेतलं, आणि आमची गादी आत.

मी अर्ज केला. तुम्हाला म्हणून सांगतो, तसा अर्ज मी नोकरीतही लिहिला नव्हता. विषय, संदर्भ, समास सोडून, 'पेशंटची प्रकृती लक्षात घेता तातडीने' याखाली रेघ. उत्तर आलं, 'आपल्या मिक्सरच्या भांड्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' दुसरा अर्ज केला, त्यात लिहिलं, आमचा मिक्सर उत्तम आहे, आपण भरलेले नाव व पत्ता तेवढे काढून टाकावेत. त्याला उत्तर नाही. आणि मग एका सकाळी, कुणी काही न कळवता, खातं आपोआप उघडलं. जसं बंद झालं तसंच. का उघडलं, विचारू नका. शिवांजलीनं काही केलं असेल, नसेलही. आमच्या खात्यातही असंच असायचं, अडलेलं काम एखाद दिवशी सुटायचं, आणि ते आपल्यामुळं सुटलं असं पाचजण सांगायचे.

या वेळी मी रकान्यावर बोट ठेवलंच नाही. बोट रकान्याच्या कडेनं, साप ओलांडावा तसं आत नेलं. तालुका लिहिला नाही. कोरेगावचं नावच काढलं नाही. नुसतं रहिमतपूर, सातारा, पिनकोड, केरबाच्या घराची खूण, निळी टाकी. तीन वेळा वाचलं. रंगूला वाचून दाखवलं. बटण दाबलं. 'धन्यवाद, रंगूबाई. आपली वस्तू परवा पोहोचेल.'

आणि या वेळी खरंच निघाली हो. पुणे सोडल्याचा मेसेज आला, साताऱ्याला पोचल्याचा आला. प्रत्येक मेसेज मी तिला वाचून दाखवला. तोवर तिला ताप भरला होता, अंग गुऱ्हाळातल्या चुलवणासारखं तापलेलं, सिस्टरबाईंनी डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी सुया दिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला की समजावं. मी तिला म्हणालो, रंगू, गादी साताऱ्याला आलीय. उद्या इथं. ती डोळे न उघडता म्हणाली, "माहुलीवरनंच येत आसंल की." मी म्हटलं, हो, पूल ओलांडूनच यायचं ना. आमच्याकडं माणसाला शेवटचं नेतात ते तिथल्या घाटावरच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती म्हणाली, "मग वाटंत गाठ पडंल."

पहाटे गेली.

बायका जमल्या. हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, ओटी भरली. सगळ्यांच्या तोंडी एकच, सोनं झालं, कपाळाचं कुंकू घेऊन गेली, नशीबवान. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. म्हणजे मी मागं राहिलो हे तिचं नशीब. असेल. तिचीही तीच इच्छा होती, वटपौर्णिमेला मला ऐकवायची, "तुमच्या आधी जाते बघा मी, मग गावंल का तुमाला साखरंचा डबा?"

स्मशानातनं आलो, पुरुष माणसं अंगणात टेकली, दारात निंबाचा पाला, आत दिवा लावलेला. आणि मोटारसायकल आली. मोठं खोकं मागं बांधलेलं, मिशीवाला तगडा गडी, छातीवर नावाची पट्टी, वीरधवल. असलं राजघराण्यातलं नाव, आणि घामानं निथळतोय. कागद बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "सौभाग्यवती रंगूबाई शिंगटे कोण हायत?"

केरबा म्हणाला, "हायत न्हवं. हुत्या."

त्यानं अंगण बघितलं, पाला बघितला, दिवा बघितला. टोपी काढली. "आवं, माफ करा. मला काय म्हाईत…" आणि मग खाली मान घालून, "पर ओटीपी लागंल वो. त्येच्याशिवाय मला खोकं ठिवता येत न्हाई, आन् परत बी न्हेता येत न्हाई."

ओटीपी तिच्या फोनवर आला होता, तो माझ्या खिशात. मी वाचून सांगितला. पहिल्या झटक्यात जुळला! सबंध प्रकरणात जुळलेली एकमेव गोष्ट. मग तो म्हणाला, "घेनाऱ्याचं नातं?" त्याच्या फोनवर रकाने होते, स्वतः, कुटुंबातील, शेजारी, वॉचमन. मी म्हणालो, तुम्हीच भरा काय ते. तो म्हणाला, "कुटुंबातील ठिवतो." जाताना रंगूच्या खोलीच्या दाराकडं बघून हात जोडून गेला. मी केरबाला म्हणालो, "च्या विचारायचा राहिला बघ. ती बोलली असती."

तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. नाही. धैर्यशील आला, दिवसकार्य झालं, खोकं ओसरीवर तसंच. केरबा आला की त्यावर बसतो, दुसरी जागा असून. धैर्यशील म्हणाला, "आबा, परत करून टाकू. मी करून देऊ?" मी म्हणालो, नको, माझं मी करतो. तो फौजेत परत गेला, मी फॉर्म उघडला. परत करण्याचे कारण निवडा. माप चुकले. रंग आवडला नाही. वस्तू उशिरा मिळाली. आता गरज नाही. मी विचार केला, उशिरा मिळाली, हेही खरं, गरज नाही, हेही खरं. दोन्ही निवडायला गेलो. 'कृपया एकच कारण निवडा.' आता यातलं एक निवडून दाखवा मला. मी इतके अर्ज निकाली काढले, हा निघेना.

मग विचार केला, गादी राहू दे, आधी नाव तरी दुरुस्त करावं. कागदोपत्री चूक राहू नये. मी नावाच्या रकान्यात 'कै.' लिहायला घेतलं. 'कै' एवढं लिहिलं, तर त्यानं सुचवलं, कैरी. पुढं सुचवलं, कैरीचं पन्हं. मी खोडलं, पुन्हा लिहायला बोट ठेवलं, आणि फर्र्कन आलं, 'सौ. रंगूबाई नानासाहेब शिंगटे'. पुन्हा खोडलं, पुन्हा सौ. मी म्हटलं, अरे, तुला सगळं माहीत आहे ना? वीरधवलला दारातनं कळलं, तुला खिशात बसून कळलं नाही? तू तर त्या दिवशी माझ्याबरोबर स्मशानात होतास. माझ्या सदऱ्याच्या खिशात.

मग बसून विचार केला, कारकुनी पद्धतीनं. सौ. हा हुद्दा कशावर अवलंबून? नवरा हयात असण्यावर. नवरा हयात आहे. म्हणजे पद कायम, फक्त पदावर कुणी नाही. बायका म्हणाल्या होत्याच, कुंकू घेऊन गेली म्हणून. मग हा म्हणतो ते चूक कसं म्हणायचं? सांगली चूक, पार्क चूक, कैरी तर सपशेल चूक, पण हे एक… जाऊ द्या.

परवा अचानक त्या कंपनीचा मेसेज आला. आपल्या दुसऱ्या अर्जाची दखल घेण्यात आली आहे. इतक्या दिवसांनी! खाली एक दुवा, तो उघडला, तर कोरी पाटी, मधोमध एकच ओळ : 'सौ. रंगूबाई नानासाहेब शिंगटे. हे नाव कायमचे काढायचे आहे का?' आणि खाली दोन बटणं. होय. नाही. केरबा खोक्यावर बसला होता, म्हणाला, "काय म्हनतंय जनावर?" मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग दाबा की, काय दाबायचं ते." मी म्हणालो, दाबतो. चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसून होईतो पाटी काळी पडली. केरबा घरी गेला.

तेव्हापासून फोन रोज आठवण करून देतो, सकाळी, दूध तापतं त्या सुमाराला. 'रंगूबाई, आपला अर्ज अपूर्ण आहे.'

तरी उपरोक्त विषयाबाबत सद्यःस्थिती अशी की, अर्ज कंपनीकडून मंजूर होऊन आलेला आहे. आता तो फक्त एका सहीसाठी अडला आहे, आणि माझ्याकडं प्रलंबित आहे.